फिलिपिनो जोडीदार, भारतीय पासपोर्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी माणसाची फिलिपिनोंशी गाठ पडते ती बहुतेक तिसऱ्याच देशात, नाहीतर भर समुद्रात. दुबई-दोह्याची हॉस्पिटलं आणि हॉटेलं, सिंगापूरच्या कंपन्या, मालवाहू जहाजांवरची मिश्र क्रू, आणि अलीकडे दावाओला डॉक्टरकी शिकायला गेलेली आपली मुलं. प्रेम जमतं तिथे कागद कुणी विचारत नाही. कागद सुरू होतात लग्नाचा विषय निघाल्यावर. खालचे प्रश्न जसे येतात तसेच घेतले आहेत. बरेचसे मुलांकडून येतात म्हणून जोडीदार ‘ती’ धरली आहे. मुलगी मराठी आणि मुलगा फिलिपिनो असला तरी नियम तेच.

फिलिपीन्सला जायला आता व्हिसा लागत नाही, हे खरं का?

फिरायला जात असाल तर खरं. ८ जून २०२५ पासून भारतीय पासपोर्टवर १४ दिवस व्हिसाशिवाय राहता येतं. अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, शेंगेन देश, सिंगापूर किंवा ब्रिटन यांपैकी कुठलाही चालू व्हिसा किंवा कायम वास्तव्याचा परवाना असेल तर ३० दिवस. पासपोर्टची मुदत मुक्कामानंतर किमान ६ महिने उरलेली हवी, परतीचं तिकीट हवं, राहण्याचं बुकिंग हवं आणि खर्चाला पुरेसे पैसे असल्याचा पुरावा हवा. खरी मेख पुढे आहे. ही सवलत वाढवून मिळत नाही आणि तिचं दुसऱ्या व्हिसात रूपांतरही होत नाही. ‘आत्ता असंच जातो, तिथे गेल्यावर वाढवून घेतो’ हा बेत इथे चालत नाही. जास्त राहायचं असेल तर आधीच टुरिस्ट व्हिसा काढा; त्याला ९ (ए) म्हणतात.

निघण्याआधीच्या ७२ तासांत ‘ई-ट्रॅव्हल’ या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करून क्यूआर कोड घ्यावा लागतो. तो फुकट असतो. त्यासाठी पैसे मागणारं पान समोर आलं तर ते बनावट आहे, बंद करा.

थेट विमान आहे का?

दिल्ली-मनिला थेट विमान एअर इंडियाने १ ऑक्टोबर २०२५ पासून सुरू केलं. मुंबईहून निघणारे बहुतेक जण अजूनही सिंगापूर, बँकॉक, क्वालालंपूर किंवा हाँगकाँगला विमान बदलतात. मनिलाहून पुढे सेबू किंवा दावाओला जायचं असेल तर दोन विमानांमध्ये भरपूर वेळ ठेवा. मनिला विमानतळाची टर्मिनलं एकमेकांना लागून नाहीत, रस्त्याने जावं लागतं आणि तो रस्ता मनिलाचा आहे.

१४ दिवसांत जाऊन लग्न लावून येता येईल?

नाही. तिथल्या कौटुंबिक संहितेप्रमाणे लग्नाच्या परवान्यासाठी दोघांनी स्थानिक सिव्हिल रजिस्ट्रारकडे अर्ज करायचा, मग सलग १० दिवस त्याची सूचना फलकावर लागते, आणि त्यानंतर परवाना मिळतो. अर्जाच्या आधी तुमच्या दूतावासाचा दाखला हवा, नगरपालिकेचं विवाहपूर्व समुपदेशन हवं. शनिवार-रविवार धरले की १४ दिवस परवान्याआधीच संपतात. मध्ये होली वीक (ईस्टरआधीचा आठवडा) किंवा ख्रिसमस आला तर बघायलाच नको. त्या दिवसांत सरकारी कचेरीत कुणी भेटणार नाही. व्हिसा काढून जा आणि महिनाभर मोकळा ठेवा. मिळालेला परवाना १२० दिवस देशभर कुठेही चालतो, त्यामुळे परवाना एका गावात आणि लग्न दुसऱ्या बेटावर, असंही करता येतं.

ती २५ वर्षांच्या आतली असेल तर आणखी एक गोष्ट. १८ ते २१ वयाला आईवडिलांची संमती लागते, २१ ते २५ ला त्यांचा ‘सल्ला’. सल्ला मिळाला नाही किंवा प्रतिकूल मिळाला तर परवाना ३ महिने लांबतो. म्हणजे सासूबाईंशी आधीपासून गोडीत राहणं ही कायदेशीर गरज आहे.

माझे कोणते कागद लागतील?

मुख्य कागद एकच: तुम्ही लग्नाला कायद्याने मोकळे आहात असा तुमच्या दूतावासाचा दाखला. भारतीयांना तो मनिलातल्या भारतीय दूतावासातून घ्यावा लागतो. त्यासाठी पासपोर्ट, जन्मदाखला आणि अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र जवळ ठेवा. घटस्फोटित असाल तर न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत, विधुर असाल तर आधीच्या पत्नीचा मृत्यूदाखला. नेमकी यादी दूतावासाकडून ईमेलवर मागवा. फोनवर ऐकलेल्या यादीत एक कागद हमखास राहतो.

भारतातले कागद भारतातच अपॉस्टिल करून न्या; अपॉस्टिल म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून सरकारने केलेलं प्रमाणन. भारत २००५ पासून आणि फिलिपीन्स १४ मे २०१९ पासून अपॉस्टिल करारात आहे, म्हणून एका देशाचा अपॉस्टिल शिक्का दुसऱ्या देशात चालतो आणि दूतावासाचा वेगळा शिक्का लागत नाही. आपल्याकडे आधी राज्य पातळीवर साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल, असा दोन टप्प्यांचा मामला आहे. जन्मदाखला नुसताच मराठीत असेल तर आधी नगरपालिकेकडून मराठी-इंग्रजी नमुन्यातला नवा काढा. भाषांतराच्या नोटरीपेक्षा तो स्वस्त पडतो आणि शंका कमी घेतल्या जातात.

आणि तिचे?

हा प्रश्न लोक शेवटी विचारतात. तो पहिला असायला हवा, कारण गाडी अडते ती बहुतेक वेळा तिच्या बाजूला.

तिथे जन्म, लग्न, मृत्यू या सगळ्यांची नोंद फिलिपीन स्टॅटिस्टिक्स ऑथॉरिटीकडे, म्हणजे पीएसएकडे असते. जुनी माणसं अजून एनएसओच म्हणतात. तिथून दोन कागद काढायचे: जन्मदाखला आणि ‘सीनोमार’, म्हणजे तिच्या नावावर लग्नाची नोंद नसल्याचा दाखला. हे दोन्ही तिला आत्ताच काढायला सांगा, लग्न दोन वर्षांनी असलं तरी. जन्मदाखल्यावर आईचं नाव चुकलेलं, तारीख पुसट, नोंद उशिरा केलेली, असे प्रकार सर्रास निघतात आणि दुरुस्तीला महिने जातात. पासपोर्टवर एक स्पेलिंग आणि जन्मदाखल्यावर दुसरं असेल तर पुढची प्रत्येक खिडकी तुम्हाला मागे पाठवेल.

ती म्हणते पूर्वी लग्न झालं होतं, पण सात वर्षं वेगळे राहतात म्हणून ते आपोआप रद्द झालं.

झालेलं नाही. हा समज तिकडे घरोघरी आहे आणि तो चुकीचा आहे. फिलिपीन्समध्ये मुस्लिमांसाठीचा वेगळा कायदा सोडला तर घटस्फोटच नाही. २०२४ च्या मे महिन्यात प्रतिनिधीगृहाने घटस्फोटाचं विधेयक मंजूर केलं, पण कायदा झाला नाही. आधीचं लग्न मोडायचं तर न्यायालयातून ते रद्द किंवा शून्य ठरवून घ्यावं लागतं. बहुतेक जण संहितेचं कलम ३६ धरतात, म्हणजे जोडीदार मानसिकदृष्ट्या वैवाहिक जबाबदारी पेलायला असमर्थ होता हे सिद्ध करायचं. त्यात वर्षं जातात आणि पैसाही बराच जातो. नवरा बेपत्ता असला तरी न्यायालयाकडून तसं जाहीर करून घेतल्याशिवाय दुसरं लग्न करता येत नाही.

कागद पुरे होण्याआधी एकत्र राहू, असा विचार असेल तर फिलिपीन्समध्ये तो धोक्याचा आहे. व्यभिचार हा तिथल्या दंडसंहितेत अजून फौजदारी गुन्हा आहे. नवऱ्याने तक्रार केली तर ती आणि ती विवाहित आहे हे माहीत असलेला पुरुष, दोघेही आरोपी होतात. वर्षानुवर्षं तोंड न दाखवलेला नवरा परदेशी माणसाचा वास लागताच उगवतो, असं त्या बाजूचे वकील सांगतात.

आधीचा नवरा परदेशी होता आणि परदेशात घटस्फोट झाला असेल तर वाट जरा सोपी आहे. संहितेचं कलम २६ तिला पुन्हा लग्नाची मोकळीक देतं. घटस्फोट त्या परदेशी नवऱ्याने घेतला की तिने, याने फरक पडत नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं. पण तो परदेशी निकाल फिलिपीन्सच्या न्यायालयाने मान्य करून पीएसएच्या नोंदीवर चढावा लागतो. तोवर तिचा सीनोमार स्वच्छ येणार नाही.

लग्न भारतातच केलं तर?

विशेष विवाह कायदा, १९५४. दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेलं असावं, ती अट तुम्ही पुरी करता. नोटीस दिल्यावर ३० दिवस हरकतींसाठी, मग तीन साक्षीदारांसमोर सह्या. नोटीस दिल्यापासून ३ महिन्यांत लग्न झालं नाही तर पुन्हा नवी नोटीस. तिच्याकडून अपॉस्टिल केलेला सीनोमार आणि जन्मदाखला घ्या, आणि दिल्लीच्या चाणक्यपुरीतल्या फिलिपीन्स दूतावासाकडून लग्नाला मोकळी असल्याचा दाखला. तिचा व्हिसा नोटिशीपासून लग्नापर्यंत पुरेल असा बघा. महिन्याभराचा ई-व्हिसा नक्कीच तोकडा पडतो. तिकिटं काढण्याआधी तुमच्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याला भेटा. परदेशी वधू म्हटल्यावर काही ठिकाणी यादी एकाएकी वाढते.

गोव्यात पद्धत वेगळी आहे. तिथे सिव्हिल रजिस्ट्रारकडे आधी इच्छेची नोंद आणि नंतर पुष्टी, अशा दोन फेऱ्या होतात.

आई म्हणते गावच्या देवळात वैदिक पद्धतीने लावू, नोंदणी नंतर बघू.

समारंभ खुशाल करा. पण हिंदू विवाह कायदा दोघेही हिंदू असतील तरच लागू होतो. ती कॅथलिक राहणार असेल तर सप्तपदी आणि मंगलाष्टकांनी कायद्याच्या नजरेत लग्न होत नाही. आधी विशेष विवाह कायद्याखाली सह्या, मग अक्षता. आणि हो, लग्नात मुलीचं नाव बदलायची हौस इथे आवरा.

नावाचा एवढा बाऊ का?

कारण मधलं नाव दोन्हीकडे असतं आणि दोन्हीकडे वेगळं असतं. आपल्याकडे मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. फिलिपिनो माणसाच्या मधे आईचं माहेरचं आडनाव, आणि लग्नानंतर बाईने नवऱ्याचं आडनाव घेतलं तर तिचं माहेरचं आडनाव सरकून मधे येतं. आता आपल्या कारकुनाने सवयीने तिच्या मधल्या नावाच्या रकान्यात तुमचं नाव घातलं की लग्नदाखल्यावरची बाई आणि पासपोर्टवरची बाई दोन वेगळ्या व्यक्ती होतात. मुलाच्या जन्मदाखल्यावर हाच घोळ पुन्हा होतो: पुण्यात मुलाच्या मधे बापाचं नाव पडतं, मनिलात आईचं आडनाव.

तिथल्या कायद्याने बायकोला नवऱ्याचं आडनाव लावायची मुभा आहे, सक्ती नाही. माझं मत विचाराल तर तिचं पासपोर्टवरचं नाव आहे तसंच राहू द्या, आणि प्रत्येक फॉर्म सही करण्याआधी पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा.

दुबई किंवा सिंगापुरात लग्न केलं तर सोपं जाईल का?

बऱ्याचदा हो. दोघेही तिथेच नोकरीला असाल तर तिच्या देशाबाहेर पडण्याचा प्रश्नच उरत नाही. अबू धाबीत बिगर-मुस्लिमांसाठी २०२१ च्या कायद्याने नागरी विवाहाची सोय झाली आहे. भारतीय दूतावासात १९६९ च्या परदेशी विवाह कायद्याखालीही लग्न लागू शकतं. फक्त लग्नानंतर फिलिपीन्सच्या दूतावासात ‘रिपोर्ट ऑफ मॅरेज’ दाखल करायला विसरू नका. ते केलं नाही तर पीएसएच्या नजरेत ती कुमारीच राहते आणि पुढे तिच्या पासपोर्टपासून मुलांच्या नोंदीपर्यंत सगळं अडतं.

‘ऑफलोड’ म्हणजे काय? तिला विमानतळावरून परत पाठवलं.

फिलिपीन्समध्ये देश सोडणाऱ्या आपल्याच नागरिकालाही इमिग्रेशन अधिकारी थांबवू शकतो. कारण मानवी तस्करी. नोकरीच्या आमिषाने बायकांना, आणि अलीकडे तरुणांना म्यानमार-कंबोडियातल्या ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेण्याचे प्रकार इतके झाले की अधिकारी टुरिस्ट म्हणून एकट्या निघालेल्या तरुणीकडे संशयानेच बघतो. कधीकधी अतिरेक होतो. २०२३ मध्ये एका प्रवासी मुलीला शाळेचं इयरबुक दाखवायला सांगितल्याचं प्रकरण देशभर गाजलं होतं.

पहिल्यांदाच परदेशी निघालेली, स्थिर नोकरी नसलेली, तिकीट दुसऱ्याने काढलेलं, आणि ‘मित्राला भेटायला’ म्हणणारी मुलगी सगळ्यात आधी बाजूला घेतली जाते. तिने खरं सांगावं. मित्राला भेटायला चालले आहे, हा तो, हे त्याचं निमंत्रणपत्र, ही त्याच्या पासपोर्टची प्रत, हे आमचे एकत्र फोटो, ही माझी नोकरी आणि ही मंजूर रजा. ‘एकटी ताजमहाल बघायला चालले’ म्हणून सांगायचं आणि फोनमध्ये तुमचेच मेसेज निघायचे, यात खेळ संपतो. परतीचं तिकीट आणि हातात थोडे स्वतःचे पैसे हवेत. शक्य असेल तर पहिल्या खेपेला तुम्हीच तिकडे जा. पासपोर्टवर तुमचे फिलिपीन्सचे शिक्के आणि तिच्या घरच्यांसोबतचे फोटो असले की पुढच्या खेपेची चौकशी लवकर आटपते.

विमानतळावर तिला ‘ट्रॅव्हल टॅक्स’ही भरावा लागतो. इकॉनॉमीसाठी तो वर्षानुवर्षं १,६२० पेसो राहिला आहे. पर्यटक म्हणून गेलेल्या तुम्हाला तो नाही.

सीएफओचं प्रमाणपत्र कुणाला लागतं?

परदेशी माणसाशी लग्न झालेल्या किंवा ठरलेल्या, आणि त्याच्याकडे राहायला निघालेल्या फिलिपिनोंना. कमिशन ऑन फिलिपिनोज ओव्हरसीज ही संस्था १९८० पासून आहे. ती त्यांचं समुपदेशन करते आणि मग प्रमाणपत्र देते. मुळाशी ‘पत्राने मागवलेल्या वधूं’चा धंदा रोखण्याचा कायदा आहे, पहिला १९९० चा आणि सुधारित २०१६ चा. समुपदेशनात तिला तुमच्याबद्दल विचारतात: काय करतो, आधी लग्न झालंय का, घरी कोण कोण आहे, कधी हात उगारलाय का. तुमचा पगार तिला माहीत नसेल तर तो आधी सांगून ठेवा. पत्नीच्या व्हिसावर निघताना हे प्रमाणपत्र नसेल तर बोर्डिंग पास हातात असूनही ती परत फिरते.

तिचा भारताचा व्हिसा आणि ओसीआय?

भेटीसाठी ई-टुरिस्ट व्हिसा. ऑगस्ट २०२५ पासून वर्षभरासाठी भारताने तो फिलिपिनोंना निःशुल्क केला. अर्ज करताना फी लागते का ते बघून घ्या. लग्नानंतर राहायला यायचं तर भारतीयाची पत्नी म्हणून एंट्री व्हिसा, ज्याला एक्स व्हिसा म्हणतात. १८० दिवसांहून जास्त मुदतीचा व्हिसा असेल तर आल्यावर १४ दिवसांत एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाकडे, नोंदणी करा, ती ऑनलाइन होते. ओसीआय म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’; त्या कार्डासाठी लग्न नोंदलेलं आणि सलग २ वर्षं टिकलेलं असावं लागतं. तारीख धरतात ती नोंदणीपासून, म्हणून नोंदणीला उशीर केला की ओसीआयलाही उशीर.

मला तिकडे राहायचं असेल तर? बालिकबायानचं वर्षभर फुकट मिळतं म्हणतात.

परदेशातून परतणाऱ्या फिलिपिनोबरोबर प्रवास करणाऱ्या परदेशी जोडीदाराला वर्षभर व्हिसाशिवाय राहू देणारी ती सवलत आहे. पण ज्या देशांच्या नागरिकांवर व्हिसाचं बंधन आहे त्यांना कायद्याने त्यातून वगळलं आहे. अमेरिकी जावयाला मिळालं म्हणून तुम्हाला मिळेल असं धरून एकतर्फी तिकीट काढू नका. दूतावासाकडून लेखी उत्तर घ्या.

कायम राहायला १९४० च्या इमिग्रेशन कायद्याचा १३ (ए) व्हिसा आहे: आधी एक वर्ष परीक्षेचं, मग कायमचा. तो परस्परतेवर चालतो. फिलिपिनोंना तशीच सोय देणाऱ्या देशांच्या नागरिकांना तो मिळतो, बाकीच्यांना लग्नाच्या आधारावर तात्पुरता निवासी व्हिसा. फाईल कुठल्या प्रकारात घेणार हे अर्जाआधी इमिग्रेशन ब्यूरोत विचारा. ५९ दिवसांहून जास्त राहिलात तर एसीआर आय-कार्ड (परदेशी नागरिकांचं ओळखपत्र), ६ महिने किंवा अधिक राहिलात तर देश सोडताना वेगळा क्लिअरन्स, आणि कार्डधारक रहिवाशांची दर वर्षीची हजेरी पहिल्या ६० दिवसांत.

मुलाचं नागरिकत्व?

आई किंवा बाप फिलिपिनो असेल तर मूल जन्मतःच फिलिपिनो, कुठेही जन्मलं तरी. भारतात जन्मलं आणि एक पालक भारतीय, दुसरा कायदेशीर राहणारा असेल तर ते भारतीयही. परदेशात जन्मलं तर एका वर्षात भारतीय दूतावासात नोंद करावी लागते आणि त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यावं लागतं. म्हणून आधी फिलिपिनो पासपोर्ट काढून मग भारतीय दूतावासात जाऊ नका. तो क्रम उलटवता येत नाही. अशा मुलाने सज्ञान झाल्यावर ६ महिन्यांत दुसरं नागरिकत्व सोडलं नाही तर भारतीय नागरिकत्व जातं. फिलिपिनो पासपोर्टच ठेवायचं ठरलं तर मुलाला ओसीआय मिळू शकतं.

लग्नाआधी मूल झालं असेल तर तिथल्या कायद्याने ताबा आईचा. बापाबरोबर ते मूल परदेशी न्यायचं तर समाजकल्याण खात्याची परवानगी लागते.

तिच्या गावात जमीन घेऊन घर बांधू का?

परदेशी माणसाला तिथे जमीन घेता येत नाही, ते राज्यघटनेतच लिहिलं आहे. फ्लॅट घेता येतो, इमारतीतला परदेशी वाटा ४० टक्क्यांच्या आत असेल तोवर. बायकोच्या नावावर जमीन घेऊन पैसे तुम्ही घातलेत तर ती जमीन तिची. २००६ मध्ये एका जर्मन नवऱ्याने घातलेले पैसे तरी परत द्या म्हणून मागितले, सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटलं: घटना मोडून केलेल्या व्यवहाराला न्यायालय मदत करत नाही. प्रेमापोटी घ्यायची असेल तर भेट दिली असं समजून घ्या.

अजून भेट झालेली नाही, पण ती विमानतळावर अडकली आहे म्हणते आणि पैसे मागते.

पाठवू नका. ऑफलोड झालेल्या मुलीला सोडवायला पैसे भरावे लागत नाहीत, ती घरी जाते.

सासरी पहिल्यांदा जाताना काय न्यायचं?

सगळ्यांसाठी काहीतरी, अगदी शेजारच्या पोरांसाठीसुद्धा. प्रवासाहून येणाऱ्याने ‘पासालुबोंग’ आणायचं ही तिथली रीत आहे. काजूकतली, चिक्की चालते. वडीलधाऱ्यांचा हात घेऊन आपल्या कपाळाला लावायचा, वाकून नमस्कार करतो तसंच ते. मांस-मासे खात नसाल तर आधीच कळवा, नाहीतर तुमच्या स्वागताला अख्खं भाजलेलं डुक्कर टेबलावर येईल. जून ते नोव्हेंबर वादळांचे दिवस. त्या काळात बेटावरच्या सासरहून निघताना बोटींची वाहतूकच बंद असू शकते, म्हणून मनिलाच्या विमानाआधी एक-दोन दिवस हातात ठेवा.